दोन्ही हात वर

पुरस्कार जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, त्यामुळे प्राध्यापकांच्या घरात बरेच दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. पितळेचा भक्कम कान होता तो, खऱ्या कानाच्या दसपट, खाली काळ्या दगडाचं बूड. प्राध्यापक विद्यापीठात संगीतशिक्षण शिकवायचे. म्हणजे गाणं नव्हे. गाणं शिकवणाऱ्यांनी ते कसं शिकवावं, ते. हा फरक त्यांनी लग्नाआधीच सासऱ्यांना नीट समजावून सांगितला होता आणि सासरे अजूनही भेटले की "क्लास कसा चाललाय?" असंच विचारत. पुरस्काराची बातमी ऐकून ते म्हणाले, "क्लास जोरात दिसतोय."

"अहो, तो कान हलवा तिथून," शुक्रवारी सकाळी बायको म्हणाली. तिच्या हातात गरम पातेलं होतं. "हे ठेवू कुठे मी? आणि जेवताना सारखं वाटतं, आपलं बोलणं ऐकतोय तो."

"पितळेचा आहे तो."

"असू दे. तुमचे खरेखुरे दोन आहेत, ते तरी कुठे ऐकतात?"

प्राध्यापकांनी स्टूल ओढलं, कान उचलला आणि कपाटावर सरकवायला गेले. कान वर गेला, पण डाव्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. हात खाली आला तो आलाच. पुन्हा वर करायला गेले, तर कमरेच्या वर तो यायलाच तयार नव्हता.

"डॉक्टरकडे चला," बायको मलम चोळत म्हणाली.

"आज नाही. आज काय आहे तुला माहीत आहे."

माहीत होतं तिला. गेलं वर्षभर घरात रजेशिवाय दुसरा विषय नव्हता. पुरस्कार मिळाल्यापासून प्राध्यापकांना ऊठसूट कुणीतरी बोलवत होतं. शाळांची उद्घाटनं, शिबिरं, चर्चा, आणि चर्चेवर पुन्हा चर्चा. नाही म्हणायला त्यांना जमत नसे आणि हो म्हणून म्हणून आता त्यांच्या नाकी नऊ आले होते. संगीत सुरू झालं की त्यांना डुलकी यायची. दाराची घंटा वाजली तरी ती बेसूर आहे हे आधी जाणवायचं आणि मग डोकं दुखायचं. त्यांना एक वर्षाची रजा हवी होती. रजेत पुस्तक लिहिणार, असं ते सगळ्यांना सांगत. खरं तर त्यांना झोपायचं होतं आणि उठल्यावर कुणी काही गाऊ नये, एवढंच हवं होतं.

रजा देणं डीनसाहेबांच्या हातात होतं. ते वाईट नव्हते, फक्त सगळं डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. "सर, तुमच्या विभागात माणसं दोन," ते म्हणाले होते. "तुम्ही आणि त्या सहायकबाई. रजा एकालाच मिळणार, दुसऱ्याने गाडा ओढायचा. तेव्हा तुमच्याशिवाय तुमची पद्धत चालते, हे मला एकदा दाखवा. शुक्रवारी दाखवा. नाहीतर पुढच्या सत्रात बघू." डीनसाहेबांचं पुढचं सत्र कधीच येत नाही, हे विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आज हात तुटून पडला असता तरी प्राध्यापक गेलेच असते.

त्यांनी वरून कोट चढवला, डावा हात खिशात घातला आणि निघाले. तिढा काय आहे, ते त्यांना अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं.

त्यांची पद्धत अगदी सोपी होती आणि तिलाच पुरस्कार मिळाला होता. वर्गात शिक्षकाने काही समजावून सांगायचं नाही. त्याने नुसता आवाज काढायचा आणि वर्गाने तो हुबेहूब परत द्यायचा. शिक्षकाच्या तोंडून पहिला आवाज निघाला की तास सुरू. उजवा हात वर केला की मोठ्याने, डावा केला की हळू, आणि दोन्ही हात डोक्यावर गेले की बंद. यापलीकडे एकही खूण नाही. खुणा ठरवल्या तेव्हा सराव घरीच झाला होता. प्राध्यापक बैठकीत उभे राहून आवाज काढायचे आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या हातांकडे बघत तो परत द्यायची. मानपत्रात एक वाक्य होतं, ते प्राध्यापकांना फार आवडायचं: या पद्धतीत उमटलेला आवाज मूळ आवाजाहून खरा वाटतो.

आता डावा हात वर जात नव्हता. म्हणजे ते वर्गाला मोठ्याने म्हणायला सांगू शकत होते. हळू म्हणायला सांगू शकत नव्हते आणि थांबवू तर मुळीच शकत नव्हते.

त्यात काही फार बिघडलं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सुरू करण्याआधीच सांगून टाकायचं, की आज पाय आपटला की थांबा. एवढं वाक्य बोललं की झालं.

सभागृहात सहायकबाई खुर्च्या मांडत होत्या. घडीच्या खुर्च्या गंजलेल्या होत्या आणि त्यांच्या तळव्यांना तांबूस डाग पडले होते. विभागाचं वेळापत्रक त्याच लावायच्या, परीक्षेचे पेपर त्याच तपासायच्या, आणि प्राध्यापक उद्घाटनांना गेले की त्यांचे तासही त्याच घ्यायच्या. गेल्या वर्षी उद्घाटनं फार झाली.

"सर, मलमाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"कोट कपाटात होता. डांबरगोळीचा असेल."

"हात दुखतोय का? खिशातून काढतच नाही आहात तुम्ही. सर, मी घेऊ का आजचा तास? नाहीतरी तुमच्याशिवाय चालतं हेच दाखवायचंय ना?"

हे इतकं शहाणपणाचं होतं, की हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण पुरस्कार मिळालेल्या माणसाला स्वतःची पद्धत दुसऱ्याच्या तोंडून सुरू झालेली बघवत नाही. "सुरुवात मी करतो," प्राध्यापक म्हणाले. "मग तुमच्या हातात देतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसा."

"बरं सर. आणि मला जरा बोलायचं होतं तुमच्याशी. बरेच दिवस झाले..."

"नंतर, नंतर."

पस्तीसेक शिक्षक येऊन बसले. गावोगावच्या शाळांतून निवडून आणलेले, गेले दोन महिने प्राध्यापकांनी स्वतः तयार केलेले. पहिल्या आठवड्यात त्यांच्यात शिस्त म्हणून नव्हती. प्राध्यापक शिंकले की ही मंडळी हसायची. तेव्हा प्राध्यापकांनी त्यांना चांगलंच झापलं होतं. "काय परत द्यायचं आणि काय नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही! मी शिंकेन, चिडेन, रडेन, आग लागली म्हणून बोंबलेन. जसंच्या तसं परत द्या. दोन्ही हात वर जाईपर्यंत मी माणूस नाही, मी आवाज आहे." आणि खरोखरच एकदा ते मध्येच आग लागली म्हणून ओरडले होते. दाराकडे धावलेल्या दोघांना त्यांनी पुढचे चार दिवस मागच्या रांगेत बसवलं. त्यानंतर सगळा वर्ग लोखंडासारखा पक्का झाला होता.

डीनसाहेब आले, बाजूच्या खुर्चीत बसले, आणि त्यांनी मान हलवली. प्राध्यापक मंचावर चढले. आज पाय आपटला की थांबा. वाक्य जिभेवर तयार होतं. फक्त सकाळपासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, म्हणून त्यांनी आधी घसा खाकरला.

पस्तीस जणांनी घसा खाकरला.

तास सुरू झाला होता.

"नाही, नाही, अजून सुरू नाही," ते म्हणाले.

"नाही, नाही, अजून सुरू नाही," सभागृह म्हणालं. शेवटच्या 'नाही'मधली घाईसुद्धा तंतोतंत होती.

"अहो, थांबा. मला आधी सांगायचंय."

"अहो, थांबा. मला आधी सांगायचंय."

"आज खूण वेगळी आहे! पाय आपटला की थांबायचं!" आणि त्यांनी पाय आपटला. वाक्य परत आलं आणि पाठोपाठ पस्तीस पाय दाणकन आपटले. खिडकीची काच थरथरली. डीनसाहेब खूश होऊन पुढे सरकले.

प्राध्यापकांनी उजव्या हाताने 'पुरे' अशी खूण केली. ती करताना हात वर गेला आणि ते नेमकं म्हणत होते, "बास!"

"बास!!!" अशी आरोळी उठली, की बाहेरच्या व्हरांड्यातून जाणारं कुणीतरी दारात येऊन डोकावून गेलं.

मग त्यांना वाटलं, गप्प बसावं. आवाजच नाही तर परत काय देणार? ते गप्प बसले. वर्गही गप्प बसला, सगळे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. ही शांतता फार सुखाची होती. प्राध्यापकांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांच्या नकळत एक सुस्कारा सुटला. पस्तीस सुस्कारे सुटले.

मंचावरून उतरून ते सहायकबाईंच्या खुर्चीशी गेले. बूट करकरत होते. वर्गाने जिभेने तशी करकर काढली. त्यांनी वाकून बाईंच्या कानात कुजबुजत सांगितलं, "बाई, माझा हात वर जात नाही. खरंच सांगतो. तुम्ही थांबवा यांना."

सहायकबाईंनी डोळे मिटले आणि त्याच्या दुप्पट हळुवारपणे कुजबुजल्या, "बाई, माझा हात वर जात नाही. खरंच सांगतो. तुम्ही थांबवा यांना." त्या त्यांच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी होत्या. आगीच्या दिवशी त्या जागच्या हलल्याही नव्हत्या.

प्राध्यापक परत मंचावर गेले. उजव्या हाताने त्यांनी डावं मनगट धरलं आणि हात वर ओढायला सुरुवात केली. छातीपर्यंत आला. "आई गं!" सभागृहाने "आई गं!" म्हटलं, वेदनेसकट. एक शिक्षिका तर खांदा धरून वाकली. तिला काहीही झालं नव्हतं.

डीनसाहेब उठून मंचाजवळ आले. "सर, हे सगळं प्रात्यक्षिकच चाललंय ना?"

"नाही!"

"नाही!"

"वा! वा!" डीनसाहेबांनी हसत टाळ्या वाजवल्या.

"हसू नका हो! मला त्रास होतोय!"

"हसू नका हो! मला त्रास होतोय!"

"काय तयारी आहे! काय तयारी आहे!" असं म्हणत डीनसाहेब परत जाऊन बसले.

तेव्हा प्राध्यापकांनी नाद सोडला. मंचावर एक खुर्ची होती, तिच्यात ते बसले. खुर्ची कुरकुरली. खाली पस्तीस खुर्च्या कुरकुरल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि उठायचं त्राणही नव्हतं. ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "दमलो मी."

"दमलो मी," खालून आलं.

"रोज उठायचं. रोज तेच."

"रोज उठायचं. रोज तेच."

"लोकांना वाटतं, याला काय, याचं छान चाललंय."

ते परत आलं तेव्हा मागच्या रांगेत कुणाचा तरी आवाज फाटला.

"कुणी विचारत नाही, जेवलास का म्हणून." हे खोटं होतं. बायको रोज विचारायची. पण दमलेला माणूस असल्या गोष्टी लक्षात ठेवत नाही.

"कुणी विचारत नाही, जेवलास का म्हणून," वर्ग म्हणाला. त्यात एक आवाज बाकीच्यांच्या किंचित मागे राहिला आणि एकटाच ऐकू आला. तो पहिल्या रांगेतला होता.

"मला काही नको. एक वर्ष कुणी हाक मारू नका."

"मला काही नको," सहायकबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "एक वर्ष... कुणी हाक मारू नका." बाकीचेही म्हणत होते, पण आता त्यांचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

डीनसाहेबांना राहवलं नाही. ते रुमालाने डोळे टिपत मंचावर चढले. "सर! मी असं काही आजवर बघितलं नाही!" असं म्हणून त्यांनी प्राध्यापकांना खुर्चीतून उठवलं, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचे धरतात तसे ते पूर्ण वर उचलून वर्गाला दाखवले.

प्राध्यापकांच्या तोंडून अशी किंकाळी फुटली, की ती सगळ्या इमारतीने ऐकली. पण दोन्ही हात वर होते. त्या दिवसातला सगळ्यात खरा आवाज तेवढा कुणी परत दिला नाही. सभागृहात चिडीचूप शांतता पसरली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या ओसरल्यावर डीनसाहेब पहिल्या रांगेकडे वळले. "बाई, तुम्ही शेवटची रजा कधी घेतली होती?"

"मी? नाही साहेब," सहायकबाई नाक पुसत म्हणाल्या. "म्हणजे, घेतलीच नाही. मागायची होती. पण सरांना वेळ नसतो. आता तर सरांनाच... आणि साहेब, ते मी नुसतं परत दिलं हो. पद्धतच आहे तशी."

"पद्धत मला कळली," डीनसाहेब म्हणाले. "सरांचं खरं सांगू का, थोडं नाटकी वाटलं. शिकवताना तसं करावं लागत असेल. पण तुमचं ऐकून माझ्या पोटात तुटलं. सर, तुमच्याच मानपत्रात आहे ना ते, परत आलेला आवाज मूळ आवाजाहून खरा? मला वाटायचं, लिहितात असं काहीतरी. आज पटलं. रजा एकच आहे. ती बाईंना देऊ या. काय म्हणता?"

प्राध्यापकांना पुष्कळ म्हणायचं होतं. नाटकी नव्हतं, हे म्हणायचं होतं. खांदा दाखवायचा होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि सवयीने पस्तीस जणांनी एकदम श्वास आत घेतला.

प्राध्यापकांनी तोंड मिटलं. त्यांची नजर सहायकबाईंच्या हातांवर गेली. गंजाचे डाग तसेच होते. ते धुवायलाही सकाळपासून त्यांना सवड मिळाली नव्हती. हे हात विभागात किती वर्षं आहेत हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि ते त्यांना आठवेना. त्याची त्यांना खरोखर लाज वाटली. त्यांनी मान हलवली. ती खांद्याच्या दुखण्यामुळे जेमतेमच हलली, पण डीनसाहेबांना तेवढी पुरली.

निघताना सहायकबाई दारापर्यंत आल्या. "सर, वेळापत्रक डाव्या कप्प्यात आहे. पेपर उजव्या. आणि खुर्च्या उघडताना बोटं सांभाळा, तिसऱ्या रांगेतली चिमटा काढते."

"बरं," प्राध्यापक म्हणाले.

"बरं," सहायकबाई म्हणाल्या, आणि त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसल्या.

डॉक्टरने हात गळ्यात बांधून दिला आणि सहा आठवडे तो वर न्यायचा नाही अशी ताकीद दिली. घरी पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. टेबल मोकळं होतं, त्यावर त्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं. कपाटावरून पितळी कान खाली वाकून बघत होता.

"मिळाली का रजा?" आतून बायकोने विचारलं.

"मिळाली."

"अगं बाई! खरंच?"

"सहायकबाईंना."

प्राध्यापकांनी एका हाताने ताटावरचं झाकण काढलं, खुर्चीत बसले आणि त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला. लगेच स्वयंपाकघरातून तसाच सुस्कारा आला. तेवढाच लांब, शेवटी तसाच तुटलेला.

"आता तू नको सुरू करूस," ते वैतागून म्हणाले. "पुरे झालं ते मला."

आतून उत्तर आलं नाही. म्हणून ते उठून आत गेले. बायको ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली होती, तेच सकाळचं स्टूल. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले, मांडीवर ओलं फडकं. तिने त्यांचा सुस्कारा ऐकलाच नव्हता. तो तिचा तिचाच होता.

प्राध्यापक दारात उभे राहिले. ताट त्यांचं झाकून ठेवलेलं होतं. दुसरं, उष्टं ताट कुठे दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न या घरात रोज विचारला गेला होता, पण नेहमी एकाच बाजूने. त्यामुळे तो विचारताना त्यांना नव्या विद्यार्थ्यासारखं अवघडल्यासारखं झालं, आणि आवाज अगदीच बारीक निघाला.

"जेवलीस का?"

बायकोने डोळे उघडले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता तिने उजवा हात वर केला.

प्राध्यापकांनी जरा मोठ्याने विचारलं.